शेवटच्या रिळातली आई

वच्छला, रविवारचा खेळ मी केला. तू नसताना केला.

पिक्चरचं मशीन नेहमीप्रमाणे मीच चालवलं आणि चादरीच्या बाजूला, तुझ्या जागी, उभीही मीच राहिले. म्हणजे रीळ लावायचं, पुढं धावायचं, बोलायचं, रीळ संपत आलं की पुन्हा मागं धावायचं. पोरी हसल्या. मला त्यांचा राग आला नाही, तुझा आला. कावीळ कोणाला होत नाही? लोक उसाचा रस पितात, महिनाभर अंथरुणात पडतात, घरच्यांना वैताग आणतात आणि उठतात. तुला उठायला काय झालं होतं?

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. तू कर्तव्यदक्ष शिक्षिका होतीस, मितभाषी होतीस, असं तुमचे हेडमास्तर म्हणाले. मितभाषी! तुझा भाऊ माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "कमलताई, हे कोणाबद्दल बोलून राहिले?" मला हसू फुटलं आणि त्याला रडू. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि तशीच बडनेऱ्याला गाडी धरायला निघाले, कारण अकोल्यात वसतिगृहाचं दळण आलं की नाही ते बघायला दुसरं कोणी नव्हतं. तुझ्याबद्दल जे बोलायचं ते त्या सभेत झालं, असं लोकांना वाटतं. तुझं-माझं जे अर्धं राहिलं, ते मी इथं लिहिते.

गोष्ट इंदूची आहे. तुला ती ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पुन्हा सांगते. इंदू आमच्या वसतिगृहात राहते, नववीत आहे, हिवरखेडच्या पाटलांची मुलगी. घरी काळी जमीन, विहीर, बैलजोड्या. सुमित्रा तिच्याच वर्गातली, बाप मजुरी करणारा, घर तुझ्या घरासारखंच छप्पन्न साली बौद्ध झालेलं. दोघी एका खाटेवर बसून अभ्यास करतात, एकमेकींच्या वेण्या घालतात आणि एका ताटात जेवतात. मी रेक्टर झाल्यापासून पंगत एकच आहे, तो माझा नियम. एका ताटाचा नियम त्यांनी त्यांचा केला. दिवाळीच्या सुट्टीत इंदू घरी हे बोलून गेली, आणि सुट्टी संपल्यावर तिला सोडायला पाटील स्वतः आले.

"बाई, मायी पोरगी वेगळी बसवा. नाहीतं नेतो मी तिले."

मी म्हटलं, वेगळी पंगत इथं होणार नाही.

"मंग ऱ्हाऊ द्या शिक्षण. सोयरीक आलीच हाय एक."

नववीतली पोरगी. गणितात वर्गात पहिली.

मी तडक अमरावतीला, मिशनच्या दवाखान्यात, तुझ्या खाटेपाशी आले. तू हळद लावलेल्या नवरीसारखी पिवळी दिसत होतीस, आणि तसं म्हटल्यावर म्हणालीस, "मंग नवरा दाखव ना." मी सगळं सांगितलं. तू डोळे मिटून ऐकलंस.

"भांडली असशीन."

"भांडले."

"काहून भांडते तू दरवेळी? त्याले पिक्चर पाहाले बोलाव. बायकोलेही घेऊन या म्हणा. मी बोलते बराबर."

"तुला उभं राहता येत नाही."

"तं बसून बोलीन. खुर्ची ठेव."

मी रविवार ठरवला. तोवर पोरगी राहू द्या, एवढं पाटलांकडून कबूल करून घेतलं. ते तेवढे थांबले, वच्छला. तू थांबली नाहीस.

तो पिक्चर आपल्याला बडनेरा स्टेशनावर मिळाला. मिशनच्या दवाखान्यातल्या हॉलंडच्या सिस्टर कायमच्या आपल्या देशी चालल्या होत्या. दवाखान्यात आरोग्याच्या फिल्मा दाखवताना मशीन चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं. जाताना ते मशीन आणि रिळांचा एक डबा त्यांनी आपल्या हवाली केला. आपण तेव्हा अमरावतीत एकाच शाळेत शिकवत होतो. गाडी हलली तेव्हा तुला सुचलं, "सिस्टर, स्टोरी क्या है?" त्या खिडकीतून ओरडल्या, "दो लडकी! दोस्ती!" आणि गाडी गेली. एवढ्या भांडवलावर तू तो पिक्चर वर्षानुवर्षं सांगितलास.

पहिल्यांदा आपण तो शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावून पाहिला. काळा-पांढरा, तासाभराचा. भाषा अशी, की बोलणाऱ्याच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला आहे. एक अक्षर कळलं नाही. पण पोरी कळल्या. एकीचे केस पिवळट, बाप कालव्यातून नावेनं माल नेणारा. दुसरी सावळी, काळ्याभोर वेण्यांची, कुठल्या तरी गरम बेटांवरून आईबापांबरोबर जहाजानं आलेली आणि गावाबाहेर लाकडी बराकींत राहणारी. दोघी चौदा-पंधराच्या. एका वर्गात, आधी लांब, मग एका बाकावर. मग एका सायकलवर, एक पायडल मारणारी, दुसरी मागं पाय सोडून बसलेली. गावातल्या बायका पडदे सारून बघतात. गोऱ्या पोरीची आई काहीतरी बोलते आणि त्यानंतर सावळी पोरगी सायकलवर दिसत नाही. कालवा गोठतो. गोरी एकटीच त्या बर्फावरून चालत बराकींत जाते आणि तिला घेऊन येते. तोवर बर्फ वितळायला लागलेला असतो, दोघी घोट्यापर्यंत चिखलात. शेवटी गोरीच्या घराचं दार. आई दार उघडते. तिचा चेहरा एवढा मोठा दिसतो, कपाळावर आठ्या, एक बोट खाली रोखलेलं, आणि ती तडातडा बोलते. मग नुसता कालवा दिसतो आणि पिक्चर संपतो. पोरगी आत गेली की परत गेली, ते दाखवलेलंच नाही.

त्यांची नावं आपल्या जिभेवर बसेनात. तू गोरीचं नाव गोदी ठेवलंस आणि सावळीचं तारा. पहिल्याच खेळात एक पोट्टी ओरडली, "बाई, गोदी म्हातारी हाय का? केस पांढरे झाले तिचे!" आणि तू चादरीपाशी उभी राहून म्हणालीस, "म्हातारी नाही वं. तिच्या गावात ऊनच नाही पडत, कापूस काळा कसा होईन?" सगळा हॉल हसला. मला मशीनचा आवाजही ऐकू येईना. तिथून तू सुटलीस ती सुटलीसच. गोदी वऱ्हाडी बोलायला लागली. कालव्यातल्या बर्फाला तू पोरींना मीठ म्हणू दिलं नाहीस, "पाणी थिजलं, तुपासारखं" असं सांगितलंस, आणि ते सगळ्यांना पटलं.

चांदूर रेल्वेला, तुझ्या गावी तुमच्या वस्तीत, खेळ झाला तेव्हा एका पोरीनं विचारलं, "ही तारा कोण्या जातीची?"

"बेटावरची," तू म्हणालीस.

"म्हंजे आपल्यासारखी?"

"आपल्यासारखी."

पडद्यावर दोघी सायकलवरून चालल्या होत्या आणि तू गप्प राहिलीस. त्या दिवशी मला कळलं, की तुला गप्प कधी बसायचं तेही समजतं. परत येताना एवढंच म्हणालीस, "गोऱ्या लोकायतही असते म्हणा हे. मले वाटलं आपलीच मिरासदारी हाय."

आपलं भांडण त्या शेवटच्या चेहऱ्यावरून. आई बोलायला लागली की तू दरवेळी तेच वाक्य तिच्या तोंडी घालायचीस, "ये बाई, आत ये. लेकीची मैत्रीण म्हंजे लेकच." पोरी टाळ्या वाजवायच्या. मला मशीन फेकून द्यावंसं वाटायचं.

"तिचा चेहरा बघ जरा," मी म्हणायची. "कोणती बाई अशा आठ्या घालून लेक म्हणते? ती हाकलते आहे. बोट बघ, पायरी उतर म्हणते."

"बोट घरात दाखवते."

"बोट खाली आहे!"

"बरं, हाकलते. मंग मी का सांगू? चालती हो सांगू? पोरींनी ते ऐकून घरी जावं?"

"खरं ऐकून जावं."

"खरं त्यांले रोज ऐकू येते, कमल. एक घंटा खोटं ऐकलं तं मरत नाही कोणी."

हे भांडण आपण शाळेत केलं, गाडीत केलं, तुझ्या भावाच्या लग्नात पंगतीत केलं. तुझ्या वहिनीला वाटलं वाढण्यात काही चूक झाली. माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही आहे. फसवून बदललेलं माणूस घरी गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखं होतं. तुझं म्हणणं, आधी एकदा बदलू तं दे. आपल्याला कोणालाच डच येत नव्हतं, त्यामुळं दोघीही आयुष्यभर बरोबर होतो.

आता ऐक. हे तुला सांगायचं आहे आणि सांगायला तू नाहीस, याचं मी काय करू ते मला समजत नाही.

तू गेल्यावर चार दिवसांनी मी दवाखान्यात तुझं सामान आणायला गेले. तुझा भाऊ म्हणाला, माझ्याच्यानं होणार नाही. तांब्या, चष्मा, दोन लुगडी, अर्धी वाचलेली कादंबरी. सामान देणारी सिस्टर नवी, तरुण, हॉलंडचीच. तुला रात्रपाळीत तीच बघत असे. मी विचारलं नसतं. पण माझ्या तोंडून पिक्चरमधल्या त्या आईचं बोलणं आपोआप बाहेर आलं. इतक्या वेळा ऐकलेलं, अर्थाशिवाय पाठ झालेलं, रहाटाच्या आवाजासारखं. मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

सिस्टरनं आधी माझ्याकडे चमकून बघितलं. मग हसायलाच लागली. "ये आपको किसने बोला?"

"एका आईनं. काय म्हणते ती?"

"वो बोलती है, जूते! दोनों, जूते उतारो, अभी अभी फर्श धोया है!" आणि डोळे पुसत म्हणाली, "मेरी माँ रोज बोलती थी।"

मी तुझा तांब्या हातात घेऊन तिथल्या बाकावर बसले. बोट खाली होतं, वच्छला. माझं बरोबर होतं. पण ते पायरीकडे नव्हतं, बुटांकडे होतं. दोघींच्या. हाकललं नाही, लेकही म्हटलं नाही. आपल्या पोरीवर ओरडली, तशी दुसरीवर ओरडली, त्याच दमात.

आणि मला आपली पहिली भेट आठवली. अमरावतीच्या शाळेच्या वसतिगृहात मी तेव्हा राहत होते. भादव्यातली चिखलाची दुपार. मी स्वयंपाकघर नुकतंच सारवून उठत होते आणि एक नवीन मास्तरीण काळ्या मातीचे लोंदे लागलेल्या चपलांसकट सरळ आत आली. मी ओरडले, "डोळे फुटले का? आत्ता सारवलंय!" तू जागच्या जागी थांबलीस, चपला काढून हातात घेतल्यास आणि हसत सुटलीस. मला वाटलं काय उर्मट बाई आहे. त्या हसण्याचं कारण तू मला खूप नंतर, आपण चांगल्या मैत्रिणी झाल्यावर, एकदा सहज सांगितलंस, "सारवणावरून कोणी मले कधी बोललंच नवतं. सारवणापर्यंत जाऊच कोण देत होतं?"

हे तूच मला सांगितलं होतंस. मग त्या आईचा चेहरा ओळखायला आपल्याला इतकी वर्षं कशी लागली? निदान तुला तरी? की तू ओळखला होतास, आणि पोरींना ते कळणार नाही म्हणून गोड वाक्य देत होतीस? हे मला विचारायचं आहे. विचारायचं आणि त्यावर भांडायचं आहे. बाकावर बसून मी ते ठरवूनही टाकलं, की कमाल आहे, वॉर्डात जाऊन हिला सांगते. उठलेही होते.

तर रविवारचा खेळ. पाटील आले, बायकोला घेऊन आले, पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले. बाई सतरंजीवर, इंदूच्या शेजारी. इंदूच्या पलीकडे सुमित्रा. आजच्यापुरतं लांब बसा, असं मी दोघींना सांगूनही कोणी हललं नाही आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मी वाईट बोलले. तुझी गोदी माझ्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखी बोलत होती. कापसाचा विनोद केला तो पडला. पोरींना तुझी सवय, त्या बिचाऱ्या माना वळवून वळवून बघत होत्या, जणू तू कुठून तरी येशील. एकदा रीळ बदलताना अंधारात कोणीतरी म्हणालं, "वच्छलाबाई असत्या तं..." आणि दुसरीनं तिला चिमटा काढला, तो मला ऐकू आला.

शेवटी आईनं दार उघडलं. मी पुढं गेले. तुझं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, तेच म्हणावं असं क्षणभर वाटलंही. पण मी खरं म्हटलं, वऱ्हाडीत म्हटलं, आणि ओरडणं मला चांगलं येतं. "चपला काढा आंधी! दोघीबी! आत्ता सारवलं ना मी!"

सगळ्यात आधी इंदूची आई हसली. तोंडाला पदर लावून, अंग हलवून हसली. मग बाकी बायका, स्वयंपाकीणबाई, पोरी. टाळ्या नाही वाजल्या. नुसतं हसणं, घरातल्यासारखं. मी तिथं उभी होते आणि मला तुला हाक मारावीशी वाटली.

दिवे लागल्यावर पाटलांनी विचारलं, "मंग तिनं त्या पोरीले घरात घेतलं का नाही?"

"घेतलं. म्हणून तर रागावली. दारातूनच परत पाठवायचं त्याला कोण चपला काढ म्हणतं?"

त्यांनी विचार केला, हे मी बघितलं. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "पिक्चर चांगला हाय बाई. पण तो त्यायच्या गावचा हाय."

जेवायला ते बसले नाहीत. त्यांची बायको पंगतीच्या टोकाशी येऊन उभी राहिली, इंदूच्या आणि सुमित्राच्या ताटाकडे बघत राहिली, आणि परत ओट्यावर नवऱ्यापाशी गेली. सोमवारी सकाळी इंदूची वळकटी टांग्यात गेली. इंदू रडली नाही. गणिताचं पुस्तक तिनं सुमित्राकडे दिलं, ते मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण आपलं शिक्षण संपलं हे तिला कळलं होतं. टांग्यात बसता बसता तिची आई माझ्या कानाशी आली.

"बाई, त्या पिक्चरातल्या बाईच्या घरात सासू नवती."

यावर तुला उत्तर आलं असतं. काय आलं असतं ते मी तेव्हापासून शोधते आहे, भाकऱ्या मोजताना, पोरींच्या नखांची तपासणी करताना, आंघोळीच्या पाण्यापाशी. तुझ्या आवाजात वाक्य सुरू होतं आणि अर्ध्यावर तुटतं. मी हताश होणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण तू गेल्यापासून मी दोन माणसांइतकं काम करते आणि अर्ध्या माणसाइतकं बोलते. कोणी मला चुकलीस म्हणत नाही. सगळे हो बाई, हो बाई म्हणतात. एवढ्या होकारात माणूस बुडून मरेल.

सुमित्रा जेवत नाही असं नाही, जेवते. भाजी ताटाच्या एका बाजूला वाढून घेते. दुसरी बाजू मोकळी ठेवते.

उद्या सकाळच्या एसटीनं मी हिवरखेडला निघाले आहे. सोयरीक पक्की व्हायच्या आत पोचलं पाहिजे. पाटलांशी बोलून उपयोग नाही, बोलायचं ते त्यांच्या बायकोशी, आणि तेही सासूच्या देखत, कारण लपूनछपून कबूल केलेलं त्या घरात टिकणार नाही. दारात उभी राहिल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते सकाळपासून करून बघते आहे. जे करते ते भांडणाचं होतं. वच्छला, तू असतीस तर खोटं का होईना, एक वाक्य दिलं असतंस. मी त्यावरून तुझ्याशी बसस्टँडपर्यंत भांडले असते, आणि तेच वाक्य घेऊन गेले असते.